मुदतीच्या नोकरीवर कॅनडात येण्यापूर्वी

पुण्यातील संशोधन संस्थेतली कायम नोकरी सोडून ऑटावातील केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या मुदतीवर यावे का, आणि आल्यावर परदेशी नागरिकाने कर्मचारी संघटनेत किंवा मोर्चात पडावे का, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेत 2025 मध्ये सरकारी शास्त्रज्ञांवर जी नोकरकपात ओढवली, ती पाहता कॅनडा त्यापेक्षा सुरक्षित असेल, असाही तुमचा अंदाज दिसतो. व्हिसा, स्थलांतरासाठीचे गुण आणि शुल्क यांविषयी मी लिहीत नाही. ती माहिती सरकारी संकेतस्थळांवर सविस्तर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला इतके अस्वस्थ केले की उत्तर लांबले आहे.

हा देश सुरक्षित आहे, पण तो आपोआप तसा राहिलेला नाही. मी येथे आले तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांना स्वतःच्या संशोधनाविषयी वार्ताहराशी बोलण्याची मोकळीक नव्हती. फ्रेझर नदीतील सॅमन मासे का मरतात, यावर क्रिस्टी मिलर यांचा निबंध 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, तरी त्यांना त्यावर माध्यमांशी बोलू दिले गेले नाही. पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारची 19,200 पदे कमी करण्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात एक्स्पेरिमेंटल लेक्स एरिया बंद करण्याचा निर्णय आला. ऑन्टारियोच्या वायव्येकडील 58 तलावांचे हे संशोधनक्षेत्र 1968 पासून चालू होते. तेथील 226 क्रमांकाच्या तलावात मध्ये पडदा घालून त्याचे दोन भाग केले होते आणि एकाच भागात फॉस्फरस सोडला होता. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात तो भाग शेवाळाने हिरवागार दिसतो आणि दुसरा काळसर, स्वच्छ. साबणातील फॉस्फरसवर निर्बंध का हवेत, हे सामान्य माणसाला त्या एका चित्राने पटले. असे काम बंद पाडण्याचे कारण पैसे वाचवणे असे सांगितले गेले, आणि तो खर्च वर्षाला साधारण वीस लाख डॉलर होता.

माझ्या प्रयोगशाळेत पाण्यातील पाऱ्याचे मोजमाप चाले. 2012 च्या एप्रिलमध्ये कायम कर्मचाऱ्यांना ‘तुमच्या पदावर परिणाम होऊ शकतो’ अशी पत्रे आली. त्या पत्रांनी माणसे खचली, पण त्या पत्राबरोबर हक्क येतात: दुसऱ्या पदासाठी प्राधान्य, काही काळ पगार, पुनर्प्रशिक्षण. आम्हां मुदतीवरच्या लोकांना पत्रही आले नाही. आमची मुदत फक्त वाढवली गेली नाही, आणि त्यामुळे कपात झालेल्यांच्या चर्चेत आमचा उल्लेखही क्वचितच आला. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी एका शुक्रवारी तिचे पिपेट धुऊन, नावाची पट्टी काढून गेली. सोमवारी तेथे खोकी रचलेली होती. हे मी अजून विसरू शकलेले नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एकाच खात्यात सलग तीन वर्षे मुदतीची सेवा झाली की कर्मचारी सामान्यतः कायम होतो. पण कपातीच्या काळात खाते ‘हा काळ मोजला जाणार नाही’ असे जाहीर करू शकते, आणि मग तुम्ही काम करत राहता व घड्याळ मात्र थांबलेले असते. नेमणुकीच्या पत्रात याचा उल्लेख शोधा, नसेल तर विचारा.

दुसरी गोष्ट आर्थिक वर्षाची. येथील सरकारी मुदती बहुधा 31 मार्चला संपतात आणि शाळा जूनअखेर. माझी मुदत 2013 च्या मार्चमध्ये संपली, दुसऱ्या प्रांतात काम मिळाले आणि आम्ही एप्रिलमध्ये मुलीला घेऊन गेलो. ऑटावात ती फ्रेंच माध्यमाच्या वर्गात होती, पहिलीपासून. नव्या शाळेने त्या वर्गात जागा नाही असे सांगितले आणि तिला इंग्रजी शाखेत घातले. वर, आमचे आडनाव पाहूनच की काय, इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांच्या वर्गात रोज एक तास बसवले. जी मुलगी इंग्रजीत गोष्टी लिहीत होती, तिला चित्र पाहून ‘सफरचंद’ म्हणायला लावले. ती आता विद्यापीठात आहे आणि हे तिला फारसे आठवत नाही. मला आठवते, कारण केंद्र सरकारच्या अनेक चांगल्या पदांना दोन्ही भाषा लागतात, आणि ते दार तिच्यासाठी अर्धे बंद झाले ते माझ्या कराराच्या तारखेमुळे. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे. मुदतीचा शेवट ऑगस्टमध्ये ठेवता येईल का, हे आत्ताच विचारा. अनेक व्यवस्थापकांना ते शक्य असते, फक्त कोणी विचारत नाही.

कागदपत्रांविषयी एकच सांगते. कायम पदासाठी पदवीची समकक्षता सिद्ध करावी लागते. माझी पदवी ‘पुणे विद्यापीठा’ची, आणि 2014 च्या नामविस्तारानंतर आलेली गुणपत्रके ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा’ची. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने ही दोन वेगळी विद्यापीठे धरून पाकीट परत पाठवले, आणि नावाच्या बदलाचे अधिकृत पत्र येईपर्यंत त्या पदाच्या जाहिरातीची मुदत संपून गेली. निघण्यापूर्वी ते पत्र, मोहोरबंद गुणपत्रकांच्या दोन प्रतींसह, हाताशी ठेवा.

आता संघटनेविषयी. 10 जुलै 2012 रोजी दुपारी ऑटावात पांढरे कोट घातलेले सुमारे दोन हजार लोक एक शवपेटी घेऊन संसदेपर्यंत चालत गेले. पुराव्याची अंत्ययात्रा असे तिचे स्वरूप होते. ती उभी करण्यात केटी गिब्स होत्या, आणि तलाव वाचवण्याची मोहीम डायान ओरिहेल चालवत होत्या. दोघीही तेव्हा विद्यार्थिदशेतून नुकत्याच बाहेर पडत असलेल्या किंवा पीएच.डी. करत असलेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण नोकरीतले शास्त्रज्ञ बोलू शकत नव्हते तेव्हा विद्यार्थी, विद्यापीठांतले प्राध्यापक आणि निवृत्त लोक त्यांच्या वतीने बोलले. जेवणाच्या सुटीत मीही फुटपाथवर उभी होते, साध्या कपड्यांत. नंतर 2013 मध्ये शास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ऑफ द पब्लिक सर्व्हिस ऑफ कॅनडाने, सदस्यांची पाहणी केली. 90 टक्के जणांनी माध्यमांशी मोकळेपणे बोलता येत नाही असे सांगितले, तर 24 टक्के जणांना विज्ञानाबाहेरच्या कारणांसाठी माहिती गाळण्यास किंवा बदलण्यास सांगितले गेले होते. या आकड्यांनी कुजबुजीला पुराव्याचे वजन आले.

तलाव 2014 मध्ये ऑन्टारियो, मॅनिटोबा आणि एका स्वतंत्र संस्थेच्या मदतीने वाचले. 2015 मध्ये सरकार बदलले आणि शास्त्रज्ञांची तोंडे मोकळी झाली. पण एका सरकारने दिलेली मोकळीक दुसरे सरकार काढून घेऊ शकते, म्हणून संघटनेने 2016 च्या अखेरीस झालेल्या वाटाघाटींतून स्वतःच्या संशोधनाविषयी बोलण्याचा हक्क थेट सरकारशी होणाऱ्या सामूहिक करारात लिहून घेतला. माझ्या मते सर्वांत मोठे काम तेच. मात्र ती शेजारच्या टेबलावरची मुलगी, आणि तिच्यासारखे कितीतरी, परत बोलावले गेले नाहीत. आनंदाच्या त्या दिवसांतही माझ्या मनात हे सलत होते.

म्हणून, परदेशी नागरिकाने पडावे का? हो, पहिल्या दिवसापासून. शांततेने एकत्र येण्याचे स्वातंत्र्य कॅनडाची हक्कांची सनद ‘प्रत्येकाला’ देते, केवळ नागरिकांना नाही. संघटनेची वर्गणी तुमच्या पगारातून कापली जाईलच. पण सदस्यत्वाच्या अर्जावर सही केल्याशिवाय करारावर मत देता येत नाही, आणि मुदतीवरचे बहुतेक लोक ती सही करायचेच राहून जातात. भारतात 2017 च्या ऑगस्टमध्ये विज्ञानासाठी मोर्चे निघाले, देशाच्या सकल उत्पादनाच्या तीन टक्के खर्च संशोधनावर करण्याची मागणी झाली, तेव्हा सेवानियमांमुळे तुम्ही गेला नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. येथेही पक्षीय प्रचाराबाबत सरकारी नोकराला मर्यादा आहेत, परंतु संघटनेच्या सभेला जाणे त्यात येत नाही.

एकटेपणाची फार भीती बाळगू नका. पहिला फेब्रुवारी कठीण जातो, गणेशोत्सवात ओळखी होतात, आणि पुढे दिवस भरगच्च होतात.

2025 च्या नोव्हेंबरमधील अर्थसंकल्पाने केंद्रीय कर्मचाऱ्यांची संख्या 2023-24 मधील सुमारे 3,68,000 वरून 2028-29 पर्यंत 3,30,000 वर आणायचे ठरवले आहे, म्हणजे तुमची दोन वर्षे नेमकी या कपातीत येतात. तरीही, तुमची पुण्यातील संस्था दोन वर्षांची बिनपगारी रजा देत असेल तर या. राजीनामा द्यावा लागत असेल तर माझे मत येऊ नका असे आहे. नेमणुकीचे पत्र आले की मुदतीचे आणि तीन वर्षांच्या मोजणीचे कलम मला पाठवा, मी ते ओळीने वाचून देईन.