बघणाऱ्याच्या हातातला दोर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. घाटातल्या वळणावर उलटलेल्या टेम्पोचा तू काढलेला व्हिडिओ दोन दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला आणि महिनाभर खपून केलेली जेटीच्या गाळाची बातमी चारशेच्या पुढे सरकली नाही. लोक असे का, असं विचारतेस. आणि त्याखाली एकच ओळ आहे, 'काका, मी स्वतः तो सतरा वेळा बघितला.' तुझ्या प्रश्नापेक्षा मला या ओळीचीच काळजी वाटली, म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

आधी मनातली टोचणी काढ. असं बघावंसं वाटणं ही विकृती नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने एका ग्रीक माणसाची गोष्ट लिहून ठेवली आहे. बंदरावरून गावाकडे येताना त्याला तटाच्या भिंतीजवळ मृत्युदंड दिलेल्यांची प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं, किळसही येते. तो तोंड झाकतो, स्वतःशी झगडतो आणि शेवटी धावत जाऊन डोळे फाडून म्हणतो, घ्या मेल्यांनो, बघा पोटभर! शिवी होती ती, स्वतःच्याच डोळ्यांना. तू सतराव्या वेळी फोन उशीखाली सरकवलास, तेव्हा तुझंही असंच काही झालं असणार.

हे डोळे असे का, ते आपल्याकडे मेलेलं फुरसं, तो छोटा विषारी साप, बघायला जमणाऱ्या गर्दीवरून मला कळलं. पाऊस लागला की कुणाच्या तरी परड्यात निघतंच. मारलेलं फुरसं काठीवर घेऊन कोणी आला की अख्खी वाडी गोळा होते. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून मागे उभ्या राहतात, पोरं पुढे घुसतात. त्याच्या पाठीवरची नक्षी एकदा जवळून पाहिलेलं पोर पुढे पातेऱ्यात, वाळल्या पानांच्या ढिगात, हात घालताना थांबतं. धोक्याकडे नजर वळणं ही जिवाची जुनी राखण आहे. मरण कसं येतं हे दुसऱ्याच्या मरणातून शिकावं लागतं, स्वतःच्या मरणातून शिकायला कोण उरतो?

मग तू म्हणशील, खोटी मारामारी का बघतात? लहानपणी जत्रेत दशावतार बघताना मी आजीच्या पदराआडून राक्षस बघायचो. पेटी-मृदंग टिपेला, लाकडी तलवारी एकमेकींवर आपटतायत, आणि तो लाल डोळ्यांचा राक्षस देवळाच्या पटांगणात धाडकन पडला की पोटातली भीती एकदम सुटायची. पहाटे दहीहंडी झाल्यावर तोच राक्षस देवळामागे वाटीतलं खोबरेल गालाला चोळून रंग उतरवत बसलेला दिसला. कानशिलापाशी थोडी लाली राहिली होती. मला म्हणाला, 'घाबारलंस काय रे?' आणि आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून दिला. भीती, शोक, संताप मनात साठतातच. त्यांना वाट मिळते, आणि ज्याला मारलं तो सकाळी चहा पितो. आठ रसांत करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स यांना शृंगाराच्या पंगतीला बसवणारा, नाट्यशास्त्र लिहिणारा भरत हे ओळखून होता. पण त्याच नाट्यशास्त्रात असंही आहे की युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातल्या बोलण्यातून, कळवाव्यात. आपल्या दशावताराने तो नियम पाळला नाही हे खरं. पण मरण दाखवताना हात आखडता घ्यावा, हे इतक्या जुन्या माणसाला सुचलं होतं. तुझ्या टेम्पोखालचा माणूस सकाळी रंग पुसून उठणार नाही. फरक एवढा मोठा आहे, आणि फोनच्या पडद्यावर मात्र दोन्ही एकाच मापाचे दिसतात.

आता मला खरं सांगायचंय ते. किनाऱ्यावर कोरडं बघणं फारसं नव्हतंच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला गेलीस की कोणीतरी दोर हातात देतो. ओढलंस तर मूठभर बांगडे-तारल्यांचा वाटाही मिळतो. वादळात होडी परतली नाही की वाडी वाळूवर येऊन उभी राहते. ते बघणंच असतं, पण त्यात काम असतं. कोणाची दिठी चांगली तो शीड हुडकतो, कोणी बत्ती धरतो, दुसरी होडी लोटायला खांदे तयार असतात. बघणं हा मदतीचा पहिला अर्धा भाग होता. फोनने तो अर्धा ठेवला आणि पुढचा कापला. डोळे धोक्याची घंटा वाजवतात, पाय जागचे हलत नाहीत, आणि घंटा थांबवणारं काही घडतच नाही. म्हणून अठराव्यांदा बघावंसं वाटतं.

याला पुरावाही आहे. २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा तास किंवा अधिक त्याच बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तुला झोप लागत नाही ती यामुळे, मन कमकुवत आहे म्हणून नव्हे.

उलटही पाहिलंय मी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा मुंबईतले चाकरमानी रात्रंदिवस व्हिडिओ बघत होते. पण ते आपली गल्ली शोधत होते. पाणी कुठल्या मजल्यापर्यंत आलंय, आई गच्चीवर पोचली का. आणि पाणी उतरल्यावर त्यांतले कितीतरी जण फावडी, फिनेल आणि बिस्किटांचे खोके घेऊन आले. त्यांच्या बघण्याला पुढची पायरी होती.

माझी एक चूक सांगतो, बत्तीस वर्षांच्या वार्ताहरकीतली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि इतर गाड्या पुरात गेल्या. पूल गेल्याचं जवळच्या गॅरेजमधल्या माणसाने ओळखलं आणि येणाऱ्या गाड्या थांबवल्या. पुढचे दिवस आम्ही काठावर होतो. क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून पाण्यात गाड्या शोधत होते, मृतदेह खाडीतून दूर समुद्रकिनाऱ्यांवर लागत होते. नदीकडे कुणी बोट दाखवलं की आम्ही कॅमेरे घेऊन पळायचो. तिसऱ्या दिवशी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोटो धरून बसलेली एक बाई मला म्हणाली, 'तुम्ही पळताव तवा आमच्या पोटात गोळा येतो. सापडलो काय वाटता. पळू नको रे बाबा.' मी त्यानंतर तिथे चालत फिरलो. पण आदल्या दोन दिवसांत किती वेळा पळालो ते अजून मोजतो.

म्हणून तुला बजावतो. आपल्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. 'तब्येत जरा बरी नाय, येऊन जावा' म्हणतात, स्टँडवर कोणीतरी घ्यायला येतो आणि घराच्या वळणावर माणूस कळून चुकतो. ती माया आहे, पिढ्यांनी घडवलेली. तुझ्या व्हिडिओत टेम्पोचा नंबर स्वच्छ दिसतोय. घरच्यांना तो निरोप्याच्या आधी पोचला असेल. तो भाग आजच काढ. पुढच्या वेळी आधी १०८ ला फोन, मग कॅमेरा. आणि गर्दीतला कोणी पोलिसांच्या लचांडाला घाबरत असेल तर त्याला सांग, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम आलंय. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. हे एवढं तुझ्या पानावर दर महिन्याला टाकलंस तरी चालेल, चारशेच लोकांनी वाचलं तरी.

तुझा व्हिडिओ मी एकदाच पाहिला, पण नीट. चौतिसाव्या सेकंदाला डाव्या कडेला निळ्या शर्टातला एक माणूस खांद्यावरचा टॉवेल दातात धरून फाडतो आणि खाली वाकतो. मग तू कॅमेरा परत टेम्पोकडे फिरवलास. पट्टी कोणाला बांधली, रक्त थांबलं का, तो माणूस कुठल्या गावचा, काही कळलं नाही. त्याला शोध. भेटला की काय काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका