सोसायटीतली ठेव मोडून हा शेअर घ्यावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमान बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, तुम्ही शहापुरात घरी शिवणकाम करता. पिग्मीतून, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीतून, साठवलेल्या पैशांची क्रेडिट सोसायटीत तीन लाखांची ठेव आहे, ती मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी. महिन्याभरापासून एका छोट्या कंपनीच्या शेअरबद्दल मेल येताहेत. तुम्ही 13 रुपयांनी 3,000 शेअर घेतलेत. आज भाव 21 आहे, रोज अप्पर सर्किट लागतंय (म्हणजे दिवसात जास्तीत जास्त जेवढा वाढू शकतो, तेवढा भाव वाढतोय) आणि मेलमध्ये 60 चं टार्गेट दिलंय. ठेव मोडून आणखी घ्यावेत का, असं विचारलंत.

नको. ठेवीला हात लावू नका, आणि हातातले तीन हजार शेअरही उद्या बाजार उघडताच विकायला लावा.

"मेल आल्यापासून भाव खरंच वाढलाय, मग खोटं कसं?" असं तुम्ही विचारता. वाढलाय, पण मेलमुळेच वाढलाय. तुम्हीच पाठवलेले उलाढालीचे आकडे बघा. आधी दिवसाला जेमतेम चार-पाच हजार शेअरची खरेदी-विक्री व्हायची. पहिला मेल येण्याच्या दोन आठवडे आधी तो आकडा लाखावर गेला, आणि त्या काळात कंपनीची एकही बातमी नाही. कुणीतरी तेव्हा माल गोळा करत होतं. एवढ्या कमी उलाढालीच्या शेअरमध्ये चार-पाच खाती आपसात व्यवहार करून भाव चढवू शकतात. पण चढलेला भाव त्यांच्या खिशात कसा येणार? त्यांचे लाखो शेअर कुणीतरी घ्यायला हवेत. ते गिऱ्हाईक जमवायला हे मेल आहेत. तुमच्यापर्यंत टिप पोचली तेव्हा त्यांची खरेदी संपलेली होती.

हा खेळ जुना आहे. मार्च 2007 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने अशाच मेलमधून गाजवलेल्या 35 कंपन्यांच्या शेअरचे व्यवहार थांबवले होते. तिथल्या दोन अभ्यासकांनी हिशोबही मांडला: ज्या दिवशी मेलचा भडिमार सर्वांत जास्त, त्या दिवशी शेअर घेऊन भडिमार थांबल्यावर दोन दिवसांनी विकणाऱ्याचं सरासरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास नुकसान झालं. आपल्याकडे 2022 मध्ये साधना ब्रॉडकास्टच्या शेअरसाठी मेलऐवजी यूट्यूबचे व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार, अशा थापा त्यांत होत्या. मार्च 2023 मध्ये सेबीने, म्हणजे आपल्या बाजार नियामकाने, 31 जणांविरुद्ध अंतरिम आदेश काढला.

आता तुमचा खरा प्रश्न. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, "कुणीतरी चढवतंय हे मलाही कळतं, पण 40 ला बाहेर पडले तर?" ताई, मला काळजी या वाक्याची वाटते. बाहेर पडण्याचा दिवस तुम्ही ठरवणार नाही, भाव चढवणारे ठरवतील. या शेअरला दिवसाला पाच टक्के वर किंवा खाली अशी मर्यादा आहे. आज अप्पर सर्किटला विकणारा सापडत नाही, तसं ते विकून मोकळे झाले की लोअर सर्किटला, म्हणजे खालच्या मर्यादेला, घेणारा सापडणार नाही. ऑर्डर रांगेत पडून राहते, बाजार बंद झाला की रद्द होते, दुसऱ्या दिवशी भाव आणखी पाच टक्के खाली. असे लागोपाठ दहा दिवस गेले की चाळीस टक्के रक्कम गेली.

खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. त्यांनी असाच एक शेअर 48 ला घेतला होता. रोज सकाळी नऊला मोबाइल घेऊन बसायचे, विक्रीची ऑर्डर टाकायचे. चौदा सत्रांनंतर शेअर विकले गेले, 23 रुपयांना. घरी बायकोला ते कित्येक महिने सांगू शकले नाहीत.

म्हणून उद्याच विका. आज घेणारे रांगेत आहेत, ही संधी उद्या असेलच असं नाही. पुढे भाव 30 झाला तरी हळहळू नका.

भिशीच्या ग्रुपवर आणि निपाणीच्या बहिणीला तो मेल पाठवल्याचं लिहिलंत. त्यांना आजच फोन करून सांगा. ओळखीच्या माणसाकडून आलेल्या टिपेवर लोक लवकर विश्वास ठेवतात, आणि मेल पाठवणाऱ्यांना तेच हवं असतं. मेल पुसू नका, सेबीकडे तक्रार करताना लागतील. शेअरचा सल्ला देणाऱ्या नोंदणीकृत रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुम्ही पाठवलेल्या एकाही मेलवर असा क्रमांक नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. क्रेडिट सोसायटी आणि कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थांतल्या ठेवींना तो नसतो. तुमची ठेव सोसायटीत आहे. मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका, पण मुदत संपली की फीची रक्कम बँकेत हलवा. शेअरचे साधारण 63,000 येतील, तेही त्याच खात्यात ठेवा. पहिल्या वर्षाची फी कधी भरायची आणि ठेवीची मुदत कधी संपते, या दोन तारखा मला कळवा.