जुन्या केबिन बोटीतली गळती: आधी पाणी ओळखा, मग सीलंट उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २६ फुटी जुनी फायबरची केबिन बोट, इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन, गोव्यात मांडवी नदीत मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर). पुढच्या केबिनमधली गादी ओली होते, बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसणारा) दिवसातून दोन-तीनदा आपोआप चालू होतो, आणि 'बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारून टाका' असा सल्ला मिळाला आहे.

हा सल्ला अजिबात ऐकू नका. सिलिकॉनचा न दिसणारा थर फायबरवर राहतो आणि त्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय वरून फासलेला थर गळती बंद करत नाही, फक्त तिची जागा लपवतो. आणि गादी व बिल्ज हे बहुधा दोन वेगळे रोग आहेत. त्यांचा तपासही वेगळाच करा.

आधी बिल्ज. पाणी पूर्ण उपसा, स्पंजाने टिपा, डिझेलचा तेलकटपणा साबणाने काढा. मग नव्याने साचलेल्या पाण्याचं बोट जिभेला लावून पाहा: खारं असेल तर नदीचं, गोडं असेल तर पावसाचं किंवा बोटीतल्या टाकीचं. ही कसोटी ऑक्टोबर ते मे चालते. भर पावसात मात्र मांडवीचं वरचं पाणी पणजीपर्यंत जवळजवळ गोडं होतं, आणि चवीवर विसंबलात तर नदीचं पाणी पावसाच्या खात्यात जाईल. त्या दिवसांत गाळ बघा. स्टीलच्या वाटीत बिल्जचं पाणी रात्रभर ठेवा. तळाशी तांबूस गाळ बसला तर नदीवर संशय घ्या. डेकवरची लाल धूळही पावसाबरोबर आत येते, म्हणून खात्रीसाठी दोन रात्री पूर्ण डेकवर ताडपत्री बांधा. तरीही बिल्ज भरलं तर पाणी वरून येत नाही.

टाकीचा निकाल सोपा आहे. सगळे नळ बंद असताना नळांना पाणी देणारा प्रेशर पंप मधूनच सेकंदभर घुरघुरत असेल तर पाइपात गळती आहे. त्या पंपाचा स्विच रात्रभर बंद ठेवून बघा. एसी असेल तर त्याच्या ट्रेचं पाणी कुठे जातं तेही पाहा. आपल्या दमट हवेत ते भरपूर निघतं आणि बऱ्याच बोटींत थेट बिल्जमध्ये सोडलेलं असतं.

नदीचं पाणी ठरलं, तर तीन वेळा मोजा: मुरिंगवर १२ तास उभी असताना, बांधलेल्या अवस्थेत इंजिन अर्धा तास चालवून, आणि अर्धा तास वेगाने फिरवून. प्रत्येक वेळी कोरड्या बिल्जपासून सुरुवात, आणि मार्करने पातळीची खूण. उभ्या बोटीत भरलं तर सी-कॉक (तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह), त्यांचे होज, शाफ्टचा (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा) ग्लँड, म्हणजे दांडा बाहेर जातो तिथलं सील, आणि सुकाणूचा ग्लँड तपासा. फक्त इंजिन चालू असताना भरलं तर इंजिन गार करणारा खाऱ्या पाण्याचा पंप आणि एक्झॉस्टचा एल्बो (धुराच्या नळीचं वळण). पंपाच्या बॉडीखाली एक बारीक भोक असतं; तिथून थेंब पडत असतील किंवा पांढरं मीठ साचलं असेल तर आतलं सील गेलेलं आहे. भोक बुजवू नका, नाहीतर ते पाणी बेअरिंगमध्ये किंवा इंजिन ऑइलमध्ये जाईल.

फक्त वेगात भरतं, तेव्हा लोक हलमध्ये (बोटीच्या बाहेरच्या कवचात) चीर शोधत बसतात. आधी बिल्ज पंपाचं बाहेरचं तोंड बघा. वेगात मागची बाजू खाली बसते, तोंड पाण्याखाली जातं आणि पंप थांबल्यावर त्याच होजमधून पाणी उलटं आत येतं. होजला पाण्याच्या रेषेपेक्षा बराच वर लूप द्या आणि लूपच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवा. होजमध्ये नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालणं हा उपाय नव्हे, तो कचऱ्याने उघडाच अडकतो.

शाफ्टच्या ग्लँडखाली टाल्कम पावडर भुरभुरा, पाण्याची वाट लगेच दिसते. दोरी पॅकिंगचा (दोरीच्या कड्या भरलेला) ग्लँड चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळायलाच हवा. त्या थेंबांनीच तो गार राहतो. बोट उभी असताना मात्र जवळजवळ कोरडा हवा. कोरडा करण्याच्या हट्टाने नट आवळला तर शाफ्टवर चरे पडतात, आणि मग कितीही पॅकिंग भरा, गळती थांबत नाही. चालवल्यावर हात लावा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. पॅकिंग बदलायचं ते बोट वर काढल्यावर. जुन्या सगळ्या कड्या उकरून काढा, नव्या तिरप्या कापा, आणि सांधे एकावर एक येऊ न देता १२० अंशांनी फिरवा. शाफ्टवर नख फिरवून बघा; अडकलं तर दोष पॅकिंगचा नाही.

सी-कॉकची पितळी फिटिंग खरवडल्यावर गुलाबी दिसली तर जस्त निघून गेलेलं असतं. ती दुरुस्त होत नाही, ब्राँझची बसवा. प्रत्येक होजला, नळीची लांबी पुरत असेल तर, ३१६ स्टीलचे दोन क्लॅम्प. पाण्याखाली अर्धा मीटरवर २५ मिमीचं भोक उघडलं तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी येतं. ताशी १९०० लिटरचा पंप त्याला पुरणार नाही. म्हणून प्रत्येक सी-कॉकजवळ मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

आता गादी. ती फक्त खालून ओली असेल तर ते बहुधा दव आहे: थंड फायबर आणि दमट हवा. खाली जाळीदार लाकडी पट्ट्या टाका, हवा खेळू द्या. वरून किंवा कडेने ओली असेल तर डेक गळतोय. आतल्या लायनरमुळे (अस्तरामुळे) पाणी भलतीकडेच टपकतं, त्यामुळे ओल्या डागाच्या वर बरोबर भोक असेल असं समजू नका. एक जण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्याने साध्या होजने पाणी सोडायचं, खालून वर: आधी रबरेलचा (कडेच्या धक्का-पट्टीचा) सांधा, मग नांगरपेटीचा निचरा, रेलिंगचे पाय, क्लीट (दोर बांधायचे खुंटे), शेवटी हॅच (डेकवरचं झाकण). प्रत्येक जागी १० ते १५ मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसवतो.

सापडलेलं फिटिंग पूर्ण काढा. भोवतालचा डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका; टणक आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आतलं बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूड कुजलं. थोडंच कुजलं असेल तर भोक मोठं करा, भोवतालचं ओलं लाकूड वाकवलेल्या खिळ्याने कोरून काढा, पूर्ण वाळू द्या, खालून टेप लावून दाट केलेलं इपॉक्सी भरा आणि मधोमध नवं भोक पाडा. भोकाची वरची कड थोडी उतरती करा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळेल. मग ब्युटिल टेप (चिकट, लवचिक पट्टी) किंवा पॉलिसल्फाइड सीलंट लावून फिटिंग बसवा. बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवा, आणि ब्युटिल असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू आवळा. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन अशा जागी वापरलं तर पुढच्या वेळी फिटिंगबरोबर जेलकोटही (फायबरचा वरचा चकचकीत थर) निघेल. एम-सील तात्पुरतं ठीक, पण लवचिक फायबरवर ते तडकतं.

खिडक्यांचा नियम निराळा. अ‍ॅक्रिलिकच्या (प्लास्टिकच्या) काचेवर पॉलिसल्फाइड लावू नका, त्याने ती तडकते. इथे मात्र अ‍ॅक्रिलिकला चालणारं ग्लेझिंग सिलिकॉनच योग्य. ६०० मिमीची अशी काच ४० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढते, म्हणून स्क्रूची भोकं सैल हवीत आणि सीलंटला जाडी हवी. मे महिन्यात घट्ट आवळलेली खिडकी पहिल्या पावसात गळते ती यामुळेच.

डेकचं इपॉक्सीचं काम गणेश चवथीनंतर हवा कोरडी झाल्यावर काढा. भर पावसात ते चिकट पापुद्रा धरतं आणि पुढचा थर बसत नाही. तोवर डेकवर ताडपत्री. सी-कॉक आणि होज मात्र याच आठवड्यात बघा.