गिंपमध्ये पांढऱ्या अक्षरांमागचा पारदर्शक भाग स्पष्ट कसा दिसेल?

गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या देवनागरी अक्षरांचा लोगो करताय आणि पारदर्शक भागाच्या जागी दिसणाऱ्या फिकट चौकडीत अक्षर कुठे संपतं तेच कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

आधी चौकडी बदला. एडिट मेनूतून प्रेफरन्सेस, त्यात डिस्प्ले. तिथे 'चेक स्टाइल'ला 'डार्क चेक्स' निवडा आणि 'चेक साइज' मोठा करा. ही सोय फक्त पडद्यापुरती आहे. एक्स्पोर्ट केलेल्या पीएनजीत चौकडी उतरत नाही. इरेजर फिरवल्यावर चौकडीऐवजी रंग उमटत असेल, तर त्या लेयरला अल्फा चॅनलच, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भागच, नाही. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीखाली 'अ‍ॅड अल्फा चॅनल' आहे, ते द्या.

मी मात्र बारीक कामाला चौकडीवर विसंबत नाही, नक्षीत डोळा फसतो. सगळ्यांत खाली नवा लेयर घेऊन तो भडक किरमिजी रंगाने भरा. मग अनुस्वाराचा टिंब, वेलांटीचं टोक, शिरोरेघेची कड मोठी करून बघा. जुन्या पार्श्वभूमीची करडी किनार राहिली असेल तर ती लगेच नजरेत येते. एक्स्पोर्टआधी या लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करायला विसरू नका.

खरी अडचण पुसट पिक्सेलांची असते. आठ बिटच्या चित्रात अल्फाची किंमत ० (पूर्ण पारदर्शक) ते २५५ (पूर्ण अपारदर्शक). मऊ इरेजरने पुसलेल्या जागी ती ४-५ उरली, म्हणजे जेमतेम २ टक्के, तर कुठल्याच रंगावर ती सहजी दिसत नाही. 'अल्फा टू सिलेक्शन' करून, म्हणजे अपारदर्शक भाग निवडूनही समजत नाही, कारण सिलेक्शनची हलती रेघ साधारण निम्म्या अपारदर्शकतेवर काढली जाते. त्याहून पुसट डाग रेघेबाहेरच राहतात.

त्यासाठी लेयरची प्रत काढा. प्रतीवर 'अ‍ॅड लेयर मास्क' देऊन 'लेयर्स अल्फा चॅनल' निवडा आणि लेयर मेनूतल्या मास्कमधून 'शो लेयर मास्क' करा. आता अपारदर्शक ते पांढरं, पारदर्शक ते काळं. मग मास्कवरच कलर्समधलं 'लेव्हल्स' उघडून इनपुटचा पांढरा त्रिकोण डावीकडे पार १० पर्यंत ओढा. जी जागा स्वच्छ वाटत होती तिथले धुरकट डाग उजळून वर येतात. त्यांच्या जागा ध्यानात ठेवा, प्रत काढून टाका आणि मूळ लेयरवर 'हार्ड एज' लावलेल्या इरेजरने ते पुसा. 'थ्रेशोल्ड अल्फा' प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण अपारदर्शक करून झटपट काम करतं खरं, पण अक्षरांच्या वळणांना दातेरी करून टाकतं. अक्षरांच्या कामात ते मुळीच वापरू नका.

तयार फाइल पीएनजीच ठेवा. जेपेगमध्ये पारदर्शकता साठवलीच जात नाही. छापखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.