जुन्या वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी वळण किती ठेवावं आणि पाणी कुठलं घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३२ मिलिमीटर गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) जुनं इंग्लिश वाफेचं इंजिन हाती आलंय, त्याला नवा रंग देऊन घेतलाय, पुण्यात बंगल्यामागे पंधरा मीटर रूळ टाकायचेत, तर वळण कमीत कमी किती ठेवावं आणि बॉयलरमध्ये पाणी कुठलं घालावं?

वळण आधी विचारलंत, पाणी नंतर. क्रम चुकला. वळण चुकलं तर इंजिन रुळावरून उतरतं, आपण वाकून ते परत ठेवतो. पाणी चुकलं तर दोन वर्षं काही कळतच नाही. आणि "नवा रंग देऊन घेतलाय" हे वाचून मला राहवलंच नाही, कारण हाच गाढवपणा मी केलेला आहे, तोही वडिलांच्या देखत.

मी मिल्टन कीन्सला राहतो. इथे रविवारी लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनंपानं विकतात, तसल्या एका बाजारात २००९ साली मला मॅमॉड या वाफेची खेळणी बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं एसएल१ हे छोटं इंजिन मिळालं, चाळीस पाउंडांना. चार चाकं, दोन डोलते सिलिंडर, पितळी बॉयलर, आणि खाली इंधनाच्या वड्या जाळायची ताटली. एक बफर वाकडा, सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजून गच्च. आधीच्या मालकाने ते शेडमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलं असावं, पाणी तसंच आत ठेवून. मी दोन महिने रोज रात्री जेवण झालं की कानस आणि पॉलिशपेपर घेऊन बसायचो. हिरव्या रंगाचे तीन हात, वर पिवळी बारीक रेघ. दोन महिन्यांत वाफ एकदाही केली नाही. फोटो मात्र काढला आणि अण्णांना पाठवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात बॉयलरवर फिटर होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची ती बार्शी लाइट रेल्वे, १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी गेजची. आता सगळी ब्रॉडगेज झाली. फोटो बघून त्यांचा फोन आला. रंगाबद्दल अवाक्षर नाही. "गेज किती?" बत्तीस मिलिमीटर. "स्केल?" फुटाला सोळा मिलिमीटर. मनात भागाकार झाला असावा, कारण जरा थांबून म्हणाले, "म्हणजे दोन फुटी. हे आपलं नव्हं, माथेरानचं हाय."

२०११च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा इकडे आले, तोवर मी बागेत रूळ टाकले होते. त्यांच्यासमोर पहिली वाफ करायची म्हणून मुद्दाम थांबलो होतो. वड्या पेटवल्या, वारा सुटला, आणि बॉयलरखालची ज्योत सरळ वर जायच्या ऐवजी बाजूने बाहेर आली. या इंजिनांत आग बॉयलरच्या पोटात नसते, बुडाखाली उघडी असते, त्यामुळे वाऱ्याने ती कुठेही जाते. केबिनचा हिरवा रंग निखाऱ्यावर पापड फुगावा तसा फुगला. पिवळी रेघ तपकिरी झाली. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडाशी फसफस सुरू. इंजिन दीड हात चाललं आणि थांबलं.

अण्णा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "पाण्याचा दाब देऊन बघितलं होतंस का?" नव्हतं बघितलं. "मग रंग कशाला द्यायला बसलास? लग्नाला न्यायचंय का त्याला?"

हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि तुम्हालाही तेच सांगतो. आधी बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि हातपंपाने काम करायच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा फुटलाच तर चार थेंब गळतात. हवेने हाच प्रयोग केलात तर तुकडे उडतील. दाब टिकला तर वाफ, वाफ टिकली तर चालवणं, आणि दहा-बारा वेळा चालून सगळं गळणं-ठिबकणं थांबलं की मग रंग. तुम्ही रंग आधीच दिलाय, तर आता तो जळेल याची तयारी ठेवा.

आम्ही मिळून इंजिन पुन्हा सगळं खोललं. सेफ्टी व्हॉल्व्हचं बूड कुणीतरी डाखाने चिकटवलेलं होतं. डाखाचं कथील-शिसं १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. बॉयलर कोरडा पडला की संपलं. ते काढून चांदीचा झाळ दिला, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा घेतला, आणि वड्यांच्या ताटलीऐवजी वातींचा स्पिरिटचा बर्नर बसवला. इथलं स्पिरिट जांभळं असतं. (तो बदल पुढे उपयोगी पडला. २०२३च्या ऑक्टोबरपासून हेक्झामिनच्या जुन्या वड्या ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय घेता येत नाहीत.) आमच्या छंदातले एक वयस्कर गृहस्थ आहेत, ते म्हणाले की तुम्ही इंजिनाचा मूळपणा घालवलात, आता त्याला किंमत येणार नाही. मला विकायचंच नव्हतं. मूळ ताटली, मूळ स्प्रिंग, मूळ खोकं यांची पूजा करणाऱ्यांची इंजिनं मी काचेच्या कपाटातच बघितली आहेत. त्यातलं एकही माझ्या बागेत फेरी मारून गेलेलं नाही.

इथपर्यंत अण्णांची आणि माझी एकी होती. मग पाणी भरायची वेळ आली.

आमच्याकडचं नळाचं पाणी भयंकर जड. नवी किटली महिन्याभरात आतून पांढरी होते. मी छपराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवलंय, त्यातलं पावसाचं पाणी कॉफीच्या कागदातून गाळून भरणार होतो. अण्णांनी हात धरला. "छपरावरचं पाणी? कबुतरं काय करतात तिथं बघितलंस का? किटलीत उकळ, गार कर, वरचं निवळ घे. सगळा खार किटलीत बसतो." आणि पुरावा म्हणून माझीच किटली माझ्या नाकाशी आणून धरली.

त्यांचं अर्धं म्हणणं शास्त्राला धरून आहे. उकळल्यावर बायकार्बोनेटचा क्षार खाली बसतो. पण सल्फेट आणि क्लोराइड पाण्यातच राहतात, कितीही उकळा. किटली पांढरी झाली याचा अर्थ उरलेलं पाणी शुद्ध झालं असा होत नाही. हे मी सांगितलं तर म्हणाले, "तीस वर्षं बॉयलर धुतलेत मी." वडील होते, पाहुणे होते, आणि रंगाच्या बाबतीत मी नुकतीच शोभा करून घेतली होती. उकळलेलं पाणी घातलं. इंजिन झकास चाललं. एका भरण्यात बावीस मिनिटं, बागेच्या चौदा फेऱ्या. अण्णांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

त्याच मुक्कामात त्यांना लेटन बझर्डला घेऊन गेलो, आमच्यापासून जवळच आहे. १९१९ साली वाळू वाहायला काढलेली ती दोन फुटी लाइन, आता हौशी लोक चालवतात. तिथे माथेरानचं ७४० नंबरचं इंजिन ठेवलेलं होतं, ओरेन्स्टाइन अँड कोपेलचं, १९०७चं. अण्णांनी त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि बॉयलरच्या वॉशआउटच्या बुचांवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. खार बसला तर इथनं काढायचा." मी म्हटलं, "अण्णा, माझ्या बॉयलरला हे बूच कुठाय?" त्यावर ते माथेरानच्या घाटाबद्दल बोलायला लागले.

मुद्दा तोच आहे. मोठ्या इंजिनाचा बॉयलर उघडून, खरवडून, फवारा मारून धुता येतो, म्हणून तिथे जड पाणीसुद्धा निभावतं. आपल्या मॉडेलला पाणी भरायचं एक भोक असतं, तेही करंगळीपेक्षा लहान. हिशोब करा. माझ्या बॉयलरमध्ये चहाचा एक कप पाणी मावतं, आपला कप, इथला मग नव्हे. शंभर मिलिलिटर धरा. लिटरला तीनशे मिलिग्रॅम क्षार असेल तर एका भरण्याला तीस मिलिग्रॅम. शंभर भरणी झाली की तीन ग्रॅम. त्यातला अर्धा किटलीत राहिला असं अण्णांच्या बाजूने धरलं तरी दीड ग्रॅम पांढरी खपली कपभर जागेत कुठे जाणार? ती सुटते, वाफेबरोबर नळीत येते आणि सिलिंडर जिथे घासतो त्या गुळगुळीत पितळी तोंडावर रेघा ओढते. डोलत्या सिलिंडरला वेगळा व्हॉल्व्ह नसतो; दोन सपाट तोंडं एकमेकांवर घासतात तोच व्हॉल्व्ह. तिथे रेघ पडली की वाफ बाहेर आणि जोर गेला.

माझं तसंच झालं. दोन उन्हाळे अण्णांचं पाणी घातलं, तिसऱ्या वर्षी चौदाच्या नऊ फेऱ्या झाल्या. लिंबूसत्वाचं कोमट पाणी बॉयलरमध्ये रात्रभर ठेवून सकाळी ओतलं तर वाटीत पांढरे पोपडे. फोटो काढून पाठवला. उत्तर आलं: "ते आधीच्या मालकाचं असणार."

आता याला काय करायचं? ते खोटं आहे हे मी सिद्ध करू शकत नव्हतो, कारण रंग द्यायच्या घाईत सुरुवातीला बॉयलर आतून धुतलाच नव्हता. तेव्हा २०१४ साली अण्णा परत आले, तेव्हा दोन स्टीलच्या थाळ्या घेतल्या. एकीत अर्धा लिटर उकळून निवळलेलं नळाचं पाणी, दुसरीत अर्धा लिटर गाळलेलं पावसाचं, आणि दोन्ही शेगडीवर मंद आटवली. बायको दिवसभर स्वयंपाकघरात आली नाही. पहिल्या थाळीत रांगोळी सांडल्यासारखा थर, दुसरीत एक पिवळसर कडं, बस. अण्णांनी पिवळ्या कड्यावर नख ओढलं, वास घेतला आणि म्हणाले, "कबूतर."

तेव्हापासून शेडमध्ये दोन बाटल्या असतात. एकीवर मी "पाऊस" लिहिलंय, दुसरीवर त्यांच्या अक्षरात "उकळलेले". ते आले की त्यांच्या पाळीला त्यांचं पाणी. आता ते शहाऐंशीचे आहेत, येणं होत नाही. फोनवर अजून विचारतात, फेऱ्या किती झाल्या. परवा पंधरा झाल्या, पावसाच्या पाण्यावर, हे मी त्यांना स्पष्ट आवाजात दोनदा सांगितलं.

तर तुमच्यासाठी: खडकवासल्याचं नळाचं पाणी येत असेल तर ते बोअरच्या तुलनेत पुष्कळ हलकं, तरी मी ते घालणार नाही. बोअरचं तर नावही काढू नका. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊ द्या, मग पाणी धरा आणि जाड कापडाच्या चार पदरांतून गाळा. एरवी घरातल्या आरओ मशिनचं पाणी ठीक, मात्र त्याचं वाया जाणारं पाणी नव्हे; त्यात सगळा खार एकवटलेला असतो. चालवून झालं की गरम असतानाच उरलेलं पाणी ओतून टाका.

हे सगळं एका चार चाकी, उघड्या आगीच्या इंजिनाच्या अनुभवावरून लिहिलंय. तुमचं गॅसवरचं असेल, म्हणजे आग बॉयलरच्या आतल्या नळीत, तर वाऱ्याचा आणि रंग जळण्याचा त्रास फारसा नाही. पण त्याचं जेट, म्हणजे गॅस बाहेर येण्याचं बारीक तोंड, चोंदलं तर आपण प्रायमसला मारायचो तशी पिन अजिबात मारू नका, भोक मोठं होतं. उलट्या बाजूने हवा फुंका. इंधन नेहमी पाण्याआधी संपेल इतकंच भरा. स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही, लहान मुलं लांब ठेवा. आणि इंजिन दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं निघालं तर वर मी मूळपणाबद्दल जे बोललो ते विसरा, हात न लावता आधी जाणकाराला दाखवा. तसल्या जुन्या इंजिनांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडू नका.

वळण. पाऊण मीटर त्रिज्येपेक्षा कमी नको. चार चाकी छोटं इंजिन त्याहून आवळ वळणातही जाईल, पण मागचे डबे ओढताना धाप लागेल. माथेरानच्या त्या इंजिनांना पहिला आणि शेवटचा आस वळणात सरकायची सोय होती, आपल्याला ती नाही. आणि वळणापेक्षाही चढ बघा. शंभराला एक इतकासुद्धा या इंजिनांना जाणवतो. चढावर थांबतात, उतारावर सुसाट सुटतात, आणि रिमोट नसेल तर मागे तुम्ही पळता. पंधरा मीटर पाणसळ लावून सपाट करून घ्या. त्याला मात्र नळाचं पाणी चालेल.