नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी: टाइमटेबलबाहेरचं काम

टाइमटेबलवर आठवड्याला १६ तास दिसतील. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत मात्र एकूण ४० तास धरलेत. उरलेले २४ कुठे जातात, ते सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कुठल्याही कॉलेजात पहिल्या सत्रातच कळतं: सुपरव्हिजन, पेपर तपासणी, अंतर्गत गुण, प्रवेश समिती, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर.

सगळ्यात जास्त वेळ खातं नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. कार्यक्रम तासाभराचा, कागद चार: सूचना, सह्यांची हजेरी, अहवाल, जिओटॅग फोटो. फोटो काढण्याआधी मोबाइलचं लोकेशन चालू आहे का बघा. बंद असेल तर त्यावर ठिकाण उमटत नाही, आणि वर्षअखेरीला एक्यूएआर (नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) भरताना तो पुरावा बाद. कागद त्याच दिवशी स्कॅन करून 'वर्ष-महिना-कार्यक्रम' अशा नावाने ठेवा. समितीच्या नेमणुकीचं पत्र लेखीच मागा. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) फायलीत तोंडी कामाला किंमत शून्य. (मागायला संकोच वाटतो, तरी मागाच.)

अंतर्गत गुण शेवटच्या दिवशी भरू नका. आसनक्रमांकाची एक ओळ सरकली की खालचे सगळे गुण चुकतात. भरल्यावर प्रिंट काढून दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) संपेपर्यंत पुढच्या सत्राची टाचणं तयार हवीत.