अंबाडी-गुलाबाचा गार चहा

प्रश्न : मावशी, मुलीनं पुण्याहून फळाफुलांच्या चहाचं पाकीट आणलं होतं. लाल, आंबटगोड, गार करून प्यायचा. ते संपल्यावर मी घरची वाळवलेली लाल अंबाडी जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात, वीस मिनिटं खळखळ उकळली. रंग मळकट जांभळा आला आणि चव तुरट. चुकलं कुठं? दुपारी लाईट जाते, मग गार कसा ठेवू? सासूबाईंना बीपीची गोळी सुरू आहे, त्यांना चालेल का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमच्या अंबाडीत काहीच खोट नाही. बिघडवलं ते भांड्यानं आणि उकळीनं. आंबट रस जर्मनच्या भांड्याला लागला की लाल रंग निळसर पडतो आणि चवही उतरते. गंज स्टीलचा घ्या. आणि अंबाडी चुलीवर ठेवूच नका. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात मूठभर, म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास अंबाडी, चमचाभर वाळलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याच्या सालीचे दोन तुकडे टाकून झाकून ठेवा. दहा मिनिटांनी गाळा. त्यापुढे ठेवलं की तुरटपणा पाण्यात उतरायला लागतो. सालीच्या आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढायचा, कडू तोच असतो. गोडीसाठी तीन-चार चमचे खडीसाखर गरम असतानाच विरघळवा.

बोअरचं पाणी जड असलं तरी रंग फिका, मातकट येतो. लिंबाचे चार थेंब पिळून पाहा, डोळ्यांदेखत लाल होतो. मला अजूनही ते पाहायला आवडतं.

माझं माहेर दारव्ह्याकडचं. आई कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी लावायची. पावसाळ्यात पाल्याची भाजी, दिवाळीनंतर बोंडं. आम्ही पोरी खाटेवर बसून सोलायचो. बांबूची पोकळ नळी देठाकडून दाबली की मधलं हिरवं बोंड पुढून निसटतं आणि लाल टोपी अख्खी हातात राहते. ती सावलीत वाळवायची, उन्हात रंग उडतो. पाकिटातल्या चहाला लाल रंग आणि आंबटपणा बहुतेक वेळा हीच देते, म्हणून तुमच्या धुऱ्यावर चार झाडं असतील तर पैसे घालवू नका.

फळ मात्र पिताना घाला, आधी नाही. मार्चात मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या) संत्र्याच्या फोडी, मे महिन्यात पिकल्या आंब्याचे तुकडे. मोगरा आवडत असेल तर दारातली, फवारणी नसलेली चार-पाच फुलं धुऊन रात्री पिण्याच्या पाण्यात सोडा, सकाळी काढा आणि तेच पाणी गार चहात मिसळा. हाराची फुलं वापरू नका. कण्हेर आणि बिट्टी तर या कामाच्या जवळपासही नको, दोन्ही विषारी आहेत.

गार ठेवायला फ्रीजच लागतो असं नाही. चहा माठात ओतू नका, आंबट रस मातीत मुरतो. झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि वारा लागेल अशा सावलीत पाण्याच्या परातीत ठेवा. फडक्याचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. आपल्याकडचं ऊन कोरडं, त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि डबा गार होतो. केलेला चहा मात्र त्याच दिवशी संपवा.

सासूबाईंबद्दल विचारलंत ते फार बरं केलं. अंबाडीनं रक्तदाब उतरतो. गोळी आणि रोजचा ग्लास मिळून तो जास्त उतरू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही नको. सासूबाईंसाठी वेगळ्या गंजात गुलाब आणि चमचाभर बडीशेप भिजवा, वरून संत्र्याची फोड. रंग येणार नाही, पण वास सुरेख येतो.